हनबॉट आणि गुडघ्यांची कार्डं

मुलांनो,

पंधरा दिवसांत तुमच्या दारात एक पार्सल येईल. आपल्या आगाशी गावातल्या एक बाई लेकीच्या बाळंतपणासाठी तुमच्या शहरात निघाल्या आहेत, त्यांच्या बॅगेत ते आहे. वर धाकट्या आजीचं अक्षर आहे, ओळ संपता संपता वर चढत जाणारं. ते अक्षर बघून पार्सल न उघडता कुणाला देऊन टाकू नका. आत पावडर नाही. मी स्वतः बघितलं आणि मगच सुतळी बांधू दिली.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही हसता, मग मलाही हसू येतं आणि सांगायचं ते राहतं. शिवाय या सगळ्यात माझा हात होता, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही दोघांनी धाकट्या आजीला ब्लॉक केलंत. न्यायाने बघायला गेलं तर मलाही करायला हवं होतं.

धाकटी आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या लेखी ती सुकेळीवाली आजी. आमची दोन घरं, मधे एक अंगण, मागे वाडी आणि वाडीत राजेळी केळी. दिवाळी झाली की ती पिकलेली केळी सोलून मांडवावर उन्हात घालते, संध्याकाळी गोळा करून कापडात गुंडाळते, सकाळी परत घालते. आठवडाभर असं केलं की केळं मधासारखं तांबूस होतं; हीच सुकेळी. मग ती वाळक्या केळीच्या पानात बांधते. पाठवायची ती फक्त आपल्या माणसांना. विकायची नाहीत, असा तिचा नियम. बाजारातल्या एका दुकानदाराने एकदा विचारलं, तर ती त्याच्याकडून नारळ घेईनाशी झाली.

आणि अशी बाई गेल्या दिवाळीनंतर पावडर विकायला लागली.

ते कसलं प्रकरण आहे हे मला पहिल्यांदा तूच समजावलंस, बाळ. व्हिडिओ कॉलवर तुझा चेहरा पडलेला होता. म्हणालीस, "आजी, धाकटी आजी हनबॉट झालीय."

मला वाटलं, काही आजार आहे. तू सांगितलंस की तो आजार नाही, इंटरनेटवरची शिवी आहे, पण प्रेमळ शिवी. कुणी वर्षानुवर्षं न बोललेली मैत्रीण अचानक "हाय हन, कशी आहेस?" असा गोड मेसेज पाठवते, तिसऱ्या ओळीत तुझं वजन काढते आणि पाचव्या ओळीत काहीतरी विकायला बघते. सगळ्यांना तोच मेसेज, यंत्राने पाठवल्यासारखा. हन म्हणजे लाडाने हनी, बॉट म्हणजे यंत्र; म्हणून हनबॉट. मग तू मला धाकट्या आजीचा मेसेज वाचून दाखवलास. "हाय हन, थंडीत तुझी एनर्जी लो वाटते का? माझ्याकडे एक सीक्रेट आहे." खाली सात फुलं आणि एक मुकुट. तुमचा जन्म झाला तेव्हा जिने तुम्हाला न्हाऊ घातलं, ती तुम्हाला हन म्हणत होती.

मी लगेच त्या शब्दाचं कार्ड केलं. हसू नका. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढल्यावर माणूस दुसरं काय करणार? संगणक आले तेव्हा कार्डांची कपाटं भंगारात निघाली आणि निवृत्तीच्या दिवशी मला त्यातला एक लांबोडा लाकडी खण भेट मिळाला. शालीपेक्षा तो मला जास्त आवडला. घरी आणून मी त्यात माणसं ठेवली.

म्हणजे हळदीकुंकवाला बोलवायच्या बायका. एकेकीचं एक कार्ड, आडनावाप्रमाणे लावलेलं. वर नाव, गल्ली, फोन. खाली टिपा. या टिपा मी चांगल्या हेतूने लिहायची, हे आधीच सांगते. "डावा गुडघा. खुर्ची ठेवणे." "साखर. तिळगूळ नावापुरता." "सुनेशी बोलत नाही, शेजारी बसवू नये." "नेहमी उशिरा." अंगणात साठ बायका येतात. कुणाला सतरंजीवर बसवायचं आणि कुणाला नाही, हे आयत्या वेळी कसं आठवणार?

दिवाळीनंतर एका दुपारी जाऊ माझ्या स्वयंपाकघरात आली. अंगावर ठेवणीतली साडी, छातीवर "मला विचारा कसं" असा बिल्ला.

"ताई, मला शंभर नावांची यादी करायची आहे. आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, पहिल्या दिवशी शंभर नावं."

"कसलं ट्रेनिंग?"

"विरारला हॉलमध्ये होतं. मनवेलपाड्याची एक मुलगी आहे, ती माझी अपलाइन. फार गोड आहे. मला क्वीन म्हणते." ती पाटावर बसली. "सकाळपासून लिहितेय. बारा झाली, त्यातली पाच आपल्याच घरातली आणि एक वारलेली."

मी विचारायला हवं होतं की अपलाइन म्हणजे काय, आणि हॉलमध्ये नेमकं काय सांगितलं. नाही विचारलं. कारण तिची नजर माझ्या खणाकडे गेली आणि ती म्हणाली, "तुमच्यासारखं व्यवस्थित काम मला कुठलं जमायला." निवृत्तीनंतर माझ्या कार्डांचं कौतुक करणारी ती पहिलीच. मी खण काढून दिला. वरून पुसून दिला. एवढंच नाही, तर जुन्या सवयीने आत चिठ्ठी घातली, "पंधरा दिवसांत परत."

त्यानंतर सातिवलीच्या कुठल्याशा गोदामातून खोके यायला लागले. ओटीवर खोके, पलंगाखाली खोके, देवघरासमोर दोन. पावडर दुधात घालून हलवायची, की झाला शेक. तीन चवी होत्या आणि त्यातली एक केळ्याची. मागच्या वाडीत राजेळीचे घड पिकून गळत होते आणि पुढच्या घरात ती बाई केळ्याच्या चवीची पावडर ढवळत होती. त्या वर्षी मांडव बांधलाच नाही. केळी शेजाऱ्यांना वाटली, उरलेली गाईने खाल्ली.

माझे दीर, म्हणजे तुमचे धाकटे आजोबा, कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. एका सकाळी मागच्या दाराने माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, काहीतरी चावायला द्या."

"म्हणजे?"

"चार दिवस झाले, दातांना काम नाही. सकाळी शेक, रात्री शेक. दुपारी जेवण मिळतं, पण त्यावर भाषण मिळतं."

त्यांना पोहे दिले. ते उभ्यानेच खात होते, एक डोळा अंगणावर ठेवून. तेवढ्यात जावेची हाक आली तर ताटली माझ्या हातात देऊन म्हणाले, "सांगा, फुलं न्यायला आलो होतो." आणि खरंच दोन जास्वंदी तोडून गेले.

पंधरा दिवसांनी खण परत आला नाही. त्याआधी त्यातली माणसं परत यायला लागली.

पहिल्या भेटल्या बाजारातल्या निवृत्त शिक्षिका. भाजीच्या गाड्यापाशी मला अडवून म्हणाल्या, "काय हो, माझा डावा गुडघा तुमच्याकडे नोंदवलेला आहे म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"तुमची जाऊ फोन करून विचारते, 'हन, डावा गुडघा कसा आहे?' मी गुडघ्याबद्दल तिच्याशी कधी बोललेच नाही. विचारलं, तर म्हणाली, ताईंच्या कार्डावर आहे."

दुसऱ्या दिवशी एकीने सुनेचं विचारलं. तिसऱ्या दिवशी एकीने काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. तिच्या कार्डावर काय होतं ते मला आठवत होतं, म्हणून मी भेंडी न घेताच घरी आले. आठवड्यात सगळ्या गावाला कळलं की प्रत्येकीचं एक कार्ड आहे. देवळात मी शिरले की बायका गुडघ्यांवरचे हात काढायच्या.

जाऊ मात्र जोरात होती. बस थांब्यावर, किराण्याच्या दुकानात, एकदा तर कुणाच्या बाराव्याला. लोक तिला लांबून बघून गल्ली बदलायचे. अर्नाळ्याहून मासे घेऊन येणारी मावशी आमच्या अंगणात टोपली उतरवते, तिलासुद्धा जावेने सोडलं नाही.

"मावशी, तुमच्यासारखी कष्टाळू बाई माझ्या टीममध्ये पाहिजे. दारोदार फिरताच की तुम्ही."

मावशीने बोंबील मोजून ठेवले, पदराला हात पुसले. "फिरते तर. पन कुनाच्या दारात मी ओरडते, म्हावरा घ्या. घेतलं तर घेतलं, नाय तर पुढचं दार. कुनाचं पोट सुटलंय ते मी नाय काढत बाय."

"तसं नाही, आपण मदत करतो माणसांना."

"मी म्हावरा इकते. तू मानसं इकायला निघालीस." मग तिला वाटलं असावं की जास्त झालं, कारण तिने दोन बोंबील वर टाकले. "घे, कोवले हायत. आनि ती पावडर नको देऊस, माजा नवरा तसाच बारीक हाय."

जाऊ हसली. पण त्या दिवशी तिने बोंबील केले नाहीत, मला आणून दिले.

आता मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुमचे आजोबा गेले, त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी माझ्या खोलीत बसून होते. अंगणात हळदीकुंकू चाललं होतं. विधवेने तिथे काय जायचं, असं मला कुणी म्हणालं नव्हतं. म्हणायची गरज नव्हती. जाऊ तबक घेऊन आत आली, मला हाताला धरून बाहेर नेलं आणि साठ बायकांसमोर पहिलं हळदीकुंकू मला लावलं. एक म्हातारी काहीतरी पुटपुटली. जाऊ म्हणाली, "काकी, तुमचा नंबर दुसरा." त्यानंतर दर वर्षी पहिलं मला. या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

तर या वर्षीची संक्रांत. साठ बायकांना निरोप गेले. आणि निरोपाबरोबरच, कसं कोण जाणे, बातमी गेली की यंदा वाणात पावडरीची पुडी लुटणार आहेत. तुम्हाला वाण म्हणजे काय ते आठवतं का? हळदीकुंकवाला आलेल्या बाईला द्यायची लहानशी वस्तू, डबी, चाळणी, काहीही. वाणाला नाही म्हणता येत नाही आणि ते परतही करता येत नाही. ते चुकवायचं असेल तर एकच मार्ग, यायचंच नाही.

पाच बायका आल्या. त्यातल्या दोघींना गावात येऊन महिनाच झाला होता. साठ जणींच्या सतरंज्या अंगणभर पसरलेल्या, गुडघ्यांसाठी मांडलेल्या नऊ खुर्च्या रिकाम्या, आणि जाऊ काळी चंद्रकळा नेसून, हलव्याचे दागिने घालून दारात उभी. तिने पहिलं हळदीकुंकू मला लावलं. मग वाट बघितली. दिवे लागले तशी ती एका खुर्चीवर बसली.

"ताई, मी त्यांचं काय वाईट केलं, ते लिहिलंय का तुमच्या कुठल्या कार्डावर?"

मी म्हटलं, "तू त्यांच्या गुडघ्यांना फोन केलेस."

"म्हणजे विचारपूसच की."

"विकायला विचारलंस."

ती हलव्याचा हार चाचपत राहिली. एक दाणा तुटून तिच्या तोंडात गेला. मग म्हणाली, "मुलं शहरात राहायला गेल्यापासून मला रोज सकाळी फोन करणारी ती एकटी मुलगी आहे. सात वाजता. 'क्वीन, आज कसं वाटतंय?' तुम्ही विचारता का कधी?"

"आपण रोज भेटतो, अगं."

"भेटतो. चहाची पूड आहे का, गॅसवाला आला का." ती उठली, आत गेली आणि माझा खण घेऊन आली. "तुमचा खण तीनदा चाळला मी. त्यात गावातल्या सगळ्या बायका आहेत. दोन वारल्यात, त्या पण आहेत. मी नाहीये."

मी खण हातात घेतला. खरं होतं ते. ती घरचीच, यजमानीण. तिला बोलवायचं नसे, म्हणून तिचं कार्ड नव्हतं. वर्गीकरणाच्या नियमाने बरोबरच होतं. पण त्या क्षणी मला नियम सांगवला नाही. मी एवढंच विचारलं, "तुझे गुडघे कसे आहेत?"

"उजवा दुखतो," ती म्हणाली. "मांडव बांधायला लागलं की जास्त."

चाळीस वर्षं ती मांडव बांधताना मी बघत होते. मला ठाऊक नव्हतं.

रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करता येतं. म्हणजे आमच्याकडे तीन आठवडेही नव्हते. साठ बायका परत अंगणात कशा आणायच्या? माफी मागून कुणी येत नाही; माफी मागितली की लोकांना अवघडायला होतं. मी रात्र नाही, पण दोन दुपारी विचार केला आणि मग गावभर मेसेज पाठवला, अगदी नीट, स्वल्पविरामांसह: "रथसप्तमीला पुन्हा हळदीकुंकू आहे. वाण म्हणून प्रत्येकीला तिचं स्वतःचं कार्ड देण्यात येईल."

साडेचारची वेळ होती. सव्वाचारला अंगण भरलं. ज्या कधी येत नाहीत त्या आल्या. ज्यांचं कार्ड नव्हतं त्याही आल्या, आपलं कार्ड का नाही हे विचारायला. "नेहमी उशिरा" ही सर्वांत आधी हजर होती आणि कार्ड वाचून भडकली.

"हे काय लिहिलंत? मी कधी उशिरा आले?"

पलीकडून कुणी म्हणालं, "आज वेळेवर आलीस, कारण तुझी चौकशी होती."

"मला शुगर आहे हे कुणी सांगितलं?" दुसरीने विचारलं.

"तूच. दुसरा लाडू नको होता तेव्हा."

"तो लाडू कडक होता, म्हणून म्हटलं!"

त्यावर लाडू करणारी उठली. मग काही वेळ फार मजा आली. शिक्षिकाबाईंनी पर्समधून पेन काढून कार्डावर डाव्याच्या जागी "दोन्ही" असं केलं आणि कार्ड मला परत दिलं. "ठेवा तुमच्याजवळ. पुढच्या वर्षी खुर्चीला उशी ठेवा." ते बघून आणखी बायका दुरुस्त्या करायला लागल्या. सासू-सुना शेजारी शेजारी बसून एकमेकींची कार्डं वाचत होत्या. मला भीती वाटत होती, पण दोघी हसत होत्या. वाण परत करत नाहीत, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

जाऊ तबक घेऊन फिरत होती. कुणाला हन म्हणाली नाही. पावडरीचं नावही काढलं नाही, फक्त खोके चादरीने झाकले होते आणि त्यावर लहान मुलं बसली होती. निघताना शिक्षिकाबाई तिला म्हणाल्या, "यंदा सुकेळी नाहीत का गं? संक्रांत गेली, तोंडात काही पडलं नाही."

"या वर्षी मांडव नाही बांधला."

"का?"

जावेने माझ्याकडे बघितलं. "गुडघा दुखत होता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांनी बांबू काढले. मी इतक्या वर्षांत प्रथमच खाली उभी राहून दोरी धरली आणि माझ्या सांगण्याप्रमाणे बांधलेला कोपरा संध्याकाळी पडला. झाडांवर उरलेले घड थोडेच होते. त्यातली जी सुकेळी झाली, ती तुमच्या पार्सलात आहेत.

धाकटी आजी एका दिवसात सुधारली, असं समजू नका. तिचं अजून म्हणणं आहे की त्या शेकने धाकट्या आजोबांना झोप चांगली लागायची. दीर म्हणतात, ती भुकेची ग्लानी होती. सातचा फोन आणखी काही दिवस येत होता, मग साडेआठला, मग एक दिवसाआड, मग बंद झाला. गेल्या महिन्यात ती मनवेलपाड्याची मुलगी स्वतः आली. मला वाटलं होतं, नखं रंगवलेली, ठसकेबाज असेल. ती तिशीची, दमलेली, बसने आलेली. तिच्या अपलाइननेही, म्हणजे तिला या धंद्यात आणणाऱ्या वरच्या बाईनेही, तिचा फोन घेणं सोडलं होतं आणि तिच्या घरी पलंगाखाली आमच्याहून जास्त खोके होते. "आंटी, मला पण कुणीतरी क्वीनच म्हटलं होतं," असं म्हणून ती रडली. जावेने तिला आंबट वरण-भात वाढला आणि विचारलं, "तुझी आई कुठे असते?" मी आत जाऊन कोरं कार्ड घेतलं.

तुम्हाला तिचे मेसेज हास्यास्पद वाटले, ते होतेच. मी काही तुम्हाला रागावत नाही. हनबॉटचं कार्ड मी फाडलेलं नाही, फक्त त्यावर एक ओळ वाढवली आहे: "पहा: धाकटी जाऊ." आणि धाकट्या जावेचं नवं कार्ड आता खणात आहे, आडनावाप्रमाणे लावलेलं. वर नाव, खाली "उजवा गुडघा", त्याखाली "सकाळी सात वाजता विचारणे."

मी सात वाजता अंगण ओलांडून जाते. पहिले काही दिवस आम्हा दोघींना काय बोलायचं ते सुचत नव्हतं. आता ती म्हणते, "आलात का क्वीन," आणि चहा टाकते.

आज वाडीत राजेळीची एकवीस झाडं उभी आहेत. मांडवाचे तीन कोपरे धड आहेत. साठातली त्रेपन्न कार्डं बायकांनी दुरुस्त करून परत दिली, बाकीच्यांनी घरी ठेवली. पावडरीचे दोन खोके तांदळाच्या पिंपामागे आहेत. धाकट्या आजीचा फोन नंबर तोच आहे.